गायकवाड काकांचा भूकंप

आमच्या वसाहतीत कुणी नवीन राहायला आलं की शेजारीपाजारी चहाचा थर्मास नाहीतर पोळीभाजीचा डबा घेऊन जातात. गायकवाड काका ड्रिल मशीन घेऊन आले.

सरोजिनी नगरच्या बाजूच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्हाला येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. दार उघडलं तर समोर ठेंगणेसे, टक्कल पडलेले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. गळ्यात शिट्टी, एका हातात ड्रिल, दुसऱ्या हातात लोखंडी पट्ट्यांची पिशवी. मला वाटलं सरकारी मिस्त्री असेल. म्हटलं, "भैया, पहले नल देख लो, टपक रहा है." त्यांनी मुकाट्यानं नळ पाहिला, वायसर बदलला, हात पुसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "आता कपाट बघू का? तुमच्या उशाशी उभं केलंय. पडलं तर थेट साहेबांच्या डोक्यावर."

मी इतकी ओशाळले की चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही. त्यांनी कपाट भिंतीला ठोकलं, गदागदा हलवून पाहिलं, आणि जाताना म्हणाले, "मी सॅम्युएल गायकवाड. तळमजल्यावर राहतो. नळ परत गळला तर सांगा."

मूळचे नगरकडचे. उभी हयात दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत गेलेली. त्यांच्या ऑफिसचं काम म्हणजे भूकंप, आग, पूर आला तर लोकांनी काय करावं याची पत्रकं काढणं. ती पत्रकं काका मनापासून लिहीत. एकदा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या बायकोनंच त्यातलं एकही कधी वाचलेलं नाही. सुमनकाकूंनीही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, "त्यात पुढं काय होतं ते आधीच कळतं. कशाला वाचू?" रोज संध्याकाळी साडेसातची मालिका मात्र काकू तापानं फणफणल्या तरी चुकवत नसत. दुसरा कुणी असता तर बायकोवर चिडला असता. काकांनी वही आणली.

त्यानंतर साडेसात वाजले की काका ब्लॉकमधल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी हजर. टीव्हीकडे पाठ करून खुर्ची टाकायची आणि बघणाऱ्यांकडे बघत बसायचं. कोणत्या क्षणी भाजी परतणारा हात थांबतो, कोणत्या क्षणी फोन वाजला तरी कुणी उचलत नाही, ते सगळं वहीत. "सासू चिठ्ठी उघडते: उलथनं थांबलं. नवरा परत येतो: कुणीही थांबलं नाही." असल्या नोंदी. सुरुवातीला आम्हाला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली, आम्ही त्यांच्या पुढ्यात शेंगदाणे ठेवून आपापलं बघायला लागलो. सुमनकाकू म्हणायच्या, "लोकांचे नवरे टीव्ही बघतात. माझा बायका बघतो." काका हेही वहीत लिहून घेत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी बसा, मग घाबरा." भूकंपासाठीच बनवलेलं, पण ते कुठंही वापरत. माझ्या नवऱ्याच्या बदलीची अफवा उठली तेव्हा, शेजारच्या मुलाला गणितात भोपळा मिळाला तेव्हा, एकदा तर खुद्द त्यांच्या साहेबांना ऑडिटच्या दिवशी. चिडचिड व्हायची ऐकून. तरी बसल्यावर माणूस जरा कमी घाबरतो हेही खरं.

आमच्या वसाहतीचा गणपती म्हणजे चाळीसेक मराठी घरं, ऑफिसातली हिंदी मंडळी, आणि कॅन्टोन्मेंटमधून सहकुटुंब येणारे आमच्याकडचे जवान. काका रविवारी सकाळी चर्चमध्ये आणि गणपतीत रोज संध्याकाळी मांडवात. देखावा त्यांच्याकडेच असायचा. नवीन माणूस आडून विचारायचा, "गायकवाड म्हणजे... सॅम्युएल ना?" तेव्हा आमचे अध्यक्ष सांगायचे, "हो. त्यांच्याइतकं वेळेवर दुसरं कुणी येत नाही."

त्या वर्षी काकांनी जाहीर केलं, की देखावा नाही. पाच संध्याकाळी चालणारी मालिका करायची. स्टेजवर रोज दहा मिनिटं, आणि रोज शेवटी असा क्षण की माणसाला दुसऱ्या दिवशी यावंच लागावं. नाव काही ठेवलंच नाही, सगळे "काकांची सिरियल" म्हणत. गोष्ट सासू-सुनेची. पाच दिवस दोघींचं जुंपलेलं, आणि शेवटच्या दिवशी भूकंप.

सासू झाल्या तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्पाताई बनसोडे, आणि सून त्यांचीच खरीखुरी सून अश्विनी. पुष्पाताई साताऱ्याकडच्या, साठी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. अश्विनी बँकेत नोकरीला, बोलायला गरीब. घरात दोघींचं छान चालायचं, त्यामुळे स्टेजवर भांडताना त्यांना आधी हसूच फुटायचं. मी प्रॉम्प्टर. पडद्याआड, हातात वही आणि टॉर्च. भूकंपाचा आवाज आम्ही मोठ्या परातीत दोन किलो राजमा घोळवून काढला होता. इथं वाढलेल्या आमच्या पोरांनी विचारलं, "काका, हादरा म्हणजे?" काका म्हणाले, "झटका." "अच्छा, झटका," म्हणत पोरांनी अशी परात घोळवली की पहिल्या तालमीत अध्यक्षच उठून उभे राहिले.

घोळ झाला तो शेवटच्या प्रवेशात. काकांनी लिहिलं होतं ते अगदी नियमानुसार. जमीन हलते, सून सासूला टेबलाखाली ओढते, दोघी डोकं झाकून टेबलाचा पाय धरून बसतात. हलणं थांबल्यावर सावकाश बाहेर. तालीम केली, तर समोर खुर्च्यांवर बसणाऱ्याला काय दिसणार? टेबलाचा कापडी पडदा आणि खालून आलेला अश्विनीच्या साडीचा काठ. पाच दिवस ताणलेलं सगळं तिथं फुस्स झालं.

तेव्हा मी बोलले. पडद्याआडून डोकं काढून म्हटलं, "काका, हिला जिन्यावरून पळवा ना. सासूचा हात धरून. टाळ्या पडतील."

काका म्हणाले, "चूक आहे ते. हलत असताना जिना म्हणजे सगळ्यात वाईट जागा."

"मग शेवटी माइकवर सांगा की असं करू नका म्हणून."

दोन दिवस ते ऐकेनात. मग अध्यक्षांनी गळ घातली, अश्विनीही म्हणाली की टेबलाखाली तिला गुदमरल्यासारखं होतं, आणि काकांनी स्वतःच्या वहीत पाहिलं. बसलेल्या माणसाला बघून एकदाही कुणाचं उलथनं थांबलं नव्हतं. त्यांनी प्रवेश बदलला.

शेवटच्या दिवशी लाकडी जिना केला होता. परात घुमली, दिवे लुकलुकले, आणि अश्विनी पुष्पाताईंचा हात धरून तो जिना धाडधाड उतरून थेट लोकांमध्ये आली. मांडव उभा राहिला. कॅन्टोन्मेंटमधले जवान शिट्ट्या वाजवत होते. टाळ्या थांबायच्या आत प्रसादाची रांग लागली. काका माइकवर सांगत होते, "कृपया लक्षात घ्या, खऱ्या भूकंपात जिन्यावरून पळू नये," आणि त्याच माइकवरून मध्येच कुणीतरी सांगत होतं की बाराशे चौदा नंबरची गाडी बाजूला घ्या.

दिल्लीत अधूनमधून पंखे हलतात, लोक एकमेकांना फोन करून विचारतात, "तुमच्याकडे जाणवला का?" आणि पुन्हा कामाला लागतात. त्या थंडीत एकदा सकाळी झटका बसला तो त्याहून जरा जोरात. मी पोहे परतत होते. भांडी खणखणली आणि मी काय केलं? गॅस तसाच ठेवून पळाले. सगळा ब्लॉक जिन्यात. सगळेच वरून खाली, एकमेकांच्या अंगावर. खाली अंगणात पोचलो तोवर सगळं शांत झालेलं. शाली आणि स्वेटर सावरत लोक हसायला लागले होते, फोटो काढत होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून अश्विनीचा आवाज आला. ती "आई, आई" म्हणत होती.

पुष्पाताई पडल्या होत्या. कमरेखालचं हाड मोडलं. इमारतीला साधा तडा गेला नव्हता. माझे पोहे तेवढे जळले होते. बनसोड्यांच्या घरात टेबलावर दुधाचं पातेलं होतं, त्यातलं दूधसुद्धा सांडलेलं नव्हतं.

सगळ्यात वाईट पुढंच झालं. लोक काकांचं अभिनंदन करायला लागले. "तुमच्या सिरियलमुळे सगळे किती फटाफट बाहेर आले. बिल्कुल ट्रेनिंगसारखं." मंडळानं शाल घालायचं ठरवलं. काका त्या सभेत उठून एवढंच म्हणाले, "शाल पुष्पाताईंना द्या, थंडी आहे," आणि निघून गेले.

हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले होते. पुष्पाताई पडून होत्या, पायाशी अश्विनी. चार दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती. काका उभ्या उभ्याच म्हणाले, "पुष्पाताई, तुम्हाला मी पाडलं."

"काहीतरीच काय, भाऊ. माझा पाय घसरला."

"पाय जिन्यात का होता? मी नेला तिथं." मग ते अश्विनीकडे वळले. "तू स्क्रिप्टप्रमाणे वागलीस. स्क्रिप्ट माझी होती. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस."

अश्विनी रडायला लागली. मी तिथंच उभी होते, हातात मोसंब्यांची पिशवी. जिना माझ्या डोक्यातून निघाला होता, आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मला त्याची आजही लाज वाटते. परतताना रिक्षात मी काकांना म्हटलं, "सुचवलं तर मी होतं." ते बाहेर बघत म्हणाले, "मेधाताई, फायलीवर नोटिंग कुणीही करो. सही कुणाची होती?"

पुष्पाताई घरी आल्या त्या वॉकर घेऊन. चालायला लागल्या, पण मनानं खचल्या. तिसरा मजला त्यांना खायला उठायचा. वरचा पंखा जरा कुरकुरला की अश्विनी धावत येऊन त्यांचा दंड धरायची, आणि मग दोघींचे चेहरे पांढरे. एके दिवशी पुष्पाताईंनी मुलाला सांगितलं की आपल्याला गावी पाठव. आम्ही समजावायला गेलो तर म्हणाल्या, "मला आता पळता येत नाही. पुन्हा हललं तर ही पोर मला सोडून जायची नाही. माझ्यापायी तिचा जीव जाईल. त्यापेक्षा मी साताऱ्यात एकटी बरी." तिथं घराला कुलूप. बघायला कुणी नाही. अश्विनी दारात उभी राहून ऐकत होती. तिकीट गणपतीनंतरचं काढलं.

काकांनी त्या महिन्यांत काही लिहिलं नव्हतं. साडेसातला कुणाकडे जाणंही बंद. गणपतीची मीटिंग झाली, "सिरियलचा भाग दुसरा" अशी मागणी आली, तेव्हा ते कोपऱ्यात बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भाग दुसरा नाही. तोच शेवटचा प्रवेश परत करायचा. सासू-सून त्याच."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, पुष्पाताई वॉकरवर आहेत."

"म्हणूनच."

पुष्पाताई आधी नाही म्हणाल्या. काकांनी आर्जवं केली नाहीत. रोज संध्याकाळी साडेसातला त्यांच्याकडे जाऊन बसायचे, या वेळी टीव्हीकडे तोंड करून. चौथ्या दिवशी पुष्पाताईंनीच विचारलं, "मला काय करायचंय त्यात?"

"पलंगावर बसून राहायचं. उशी डोक्यावर घ्यायची. जागचं हलायचं नाही."

"एवढंच?"

"जो पळू शकत नाही त्याला एवढंच करायचं असतं. आणि जो पळू शकतो त्यालाही जवळपास एवढंच. तुमच्यात आणि अश्विनीत त्या वेळी काही फरक नाही, पुष्पाताई. मी हे तीस वर्षं लिहितोय."

तालमी फार कठीण गेल्या. परात घुमली की अश्विनीचा हात आपसूक पुष्पाताईंच्या दंडाकडे जायचा. तिला कळायचं, ती मागं घ्यायची. काका म्हणायचे, "परत." चिडले नाहीत, की समजूतही घातली नाही. त्या एका प्रवेशाच्या तालमी आम्ही किती केल्या ते मोजायचं मी सोडून दिलं. राजमा फुटून त्याची डाळ व्हायला आली.

राहिला प्रश्न टेबलाखालचं दिसण्याचा. तो काकांनी असा सोडवला, की मांडवातल्या सगळ्या खुर्च्याच काढायला लावल्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची कडेनं सोय केली, बाकी सगळे खाली सतरंजीवर. टेबलाचा पडदा काढला. जमिनीवर बसलेल्या माणसाला टेबलाखालचा माणूस बरोबर समोर दिसतो. इतकी साधी गोष्ट मागच्या वर्षी आमच्यातल्या कुणालाही सुचली नव्हती.

प्रयोगात परात घुमली तेव्हा मी पडद्याआड वहीवर टॉर्च धरून होते. अश्विनी म्हणाली, "आई, चला."

"मी येत नाही. आणि तूही जायचं नाहीस."

"तुम्हाला सोडून?"

"सोडून कुठं? मी इथं उशीखाली, तू तिथं टेबलाखाली. थांबलं की दोघी मिळून उतरू. सावकाश."

अश्विनी टेबलाखाली शिरली. एका हातानं टेबलाचा पाय धरला. दुसरा हात डोक्यावर ठेवायचा होता, तो तिनं बाहेर काढून पुष्पाताईंच्या पदराचं टोक धरलं. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. संगीत नव्हतं, दिवे लुकलुकले नाहीत. काकांनी मनात चाळीसपर्यंत मोजलं आणि तेवढा वेळ परात घुमत राहिली. मांडवात कुणी हललं नाही. एक जवान आपल्या बायकोचा हात धरून बसला होता, तो त्याला सोडायचं सुचलंच नाही.

आवाज थांबला. टाळ्या पडल्या नाहीत. काका स्टेजवर गेले आणि माइक न घेता म्हणाले, "मागच्या वर्षी मी तुम्हाला पळताना दाखवलं. ते चूक आहे हे मला माहीत होतं. तुम्ही टाळ्या वाजवाव्यात म्हणून मी दाखवलं. पुष्पाताई त्यामुळे पडल्या." पाठीमागं कुणीतरी हसलं, त्याला वाटलं हाही नाटकाचाच भाग. मग तोही गप्प झाला. त्या दिवशी प्रसादाच्या रांगेत लोक फार हळू बोलत होते.

नंतर मी अश्विनीच्या हाताबाबत विचारलं, म्हटलं, तो डोक्यावर हवा होता ना? काका म्हणाले, "हवा होता." जरा थांबून म्हणाले, "चालतं तेवढं."

पुष्पाताईंनी तिकीट रद्द केलं. मी त्यांच्याकडे जाऊन जिन्याची कल्पना माझी होती ते एकदाचं सांगून टाकलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "अश्विनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला. तू कधी सांगतेस ते बघत होते." आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

पुढच्या वसंतात काका रिटायर झाले. नगरला परत जायचं ठरलं. सामान जायच्या दिवशी सकाळपासून टेम्पो अंगणात उभा. सुमनकाकू टेम्पोपाशी उभ्या राहून हमालांना सूचना देत होत्या. आत घर पार मोकळं झालं होतं. मी निरोपाचा डबा घेऊन गेले तेव्हा काका किल्ली देण्याआधी शेवटचा फेरफटका मारत होते, भिंतीतली भोकं लांबीच्या पांढऱ्या लगद्यानं बुजवत होते.

आणि जमीन हलली.

चांगलीच हलली. खिडक्यांची तावदानं वाजायला लागली. घरात ना टेबल, ना पलंग. काका म्हणाले, "आतल्या भिंतीशी," आणि आम्ही दोघं खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून फरशीवर बसलो, हात डोक्यावर. बाहेर काकूंनी हमालांना इमारतीपासून लांब, मोकळ्यावर घेतलं होतं, त्यांचा आवाज येत होता. तळमजल्यावरचं घर, जिना अगदी दाराबाहेर. दार उघडंच होतं. काका माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या दाराकडे बघत होते, मान तिरकी करून, कान देऊन.

जिन्यात एकही पाऊल वाजलं नाही.

चार मजल्यांची, सोळा घरांची माणसं वर होती, शनिवार असल्यामुळे जवळजवळ सगळीच घरात. कुणी आलं नाही. हलणं थांबलं. तरी काका उठले नाहीत. मग वर दारं उघडल्याचे आवाज यायला लागले, आणि लोक उतरू लागले, बोलत, चपला घालून, पोरांची बोटं धरून. सगळ्यांच्या मागून, सगळे उतरून झाल्यावर, वॉकरचा एकेका पायरीवर टेकण्याचा आवाज. मधूनच अश्विनी म्हणत होती, "सावकाश, आई. घाई नाही."

गायकवाड काका लांबीनं माखलेले हात डोक्यावर तसेच ठेवून, रिकाम्या घरात फरशीवर बसून रडत होते.